मेईनं न घेतलेला शब्द

मेईला मराठीत 'दुःख' म्हणता येत नव्हतं. उच्चाराची अडचण नव्हती. आमचा 'ळ'सुद्धा तिनं आठवडाभरात बसवला होता. तिनं तो शब्द घेतलाच नव्हता. 'मरण', 'रडणं', 'भीती', 'ताप' यांतलाही एकही शब्द तिच्याकडे नव्हता. दोन वर्षं ती माझ्या घरात राहिली, सकाळ-संध्याकाळ मराठी बोलली, आणि या शब्दांना तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते. आई कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. इथल्या मराठी मंडळींत कुणी 'मूळच्या कुठल्या?' असं विचारलं की मी इचलकरंजी म्हणते, 'कोल्हापूरजवळ' म्हणत नाही. हे आधीच सांगते, कारण मेई मराठी शिकली ती आमच्या घरातली.

नवऱ्याची नोकरी टेक्सासला, प्लेनोत. माझी न्यू जर्सीत. पार्सिपनीतल्या घराची वरची खोली रिकामी होती, तिथं मेई राहायला आली. तिशीच्या आतली, किरकोळ, करड्या स्वेटरातली. घरात कापडी चपला घालायची. ती जिना उतरतेय असं कधी ऐकू यायचं नाही. ती उतरलेली असायची.

ती विद्यापीठात पीएचडी करत होती. चिनी मुलं परकी भाषा शिकतात तेव्हा त्यांना आनंद नेमका केव्हा होतो, हा तिचा विषय. मुलांना गाठून ती विचारायची. एका मुलीनं सांगितलं, फोनवर पिझ्झा मागवला आणि पलीकडच्यानं 'काय म्हणालात?' असं विचारलं नाही, तेव्हा. दुसरी म्हणाली, "चिनीत मला लहानपणापासून 'हळू बोल' असं सांगत आलेत. इंग्रजीत अजून कुणी सांगितलेलं नाही." पण बाकीचे सगळे मार्कांचंच बोलायचे. त्याला मेई कंटाळली. मग तिनं ठरवलं की स्वतःच विद्यार्थी व्हायचं, आणि अशी भाषा घ्यायची की जिच्यात कुणी मार्क देणार नाही आणि नोकरीही देणार नाही.

मी स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवून वळले तर ही दारात उभी.

"ही कोणती भाषा?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"मराठी."

"तुम्ही आत्ता काय म्हणालात? गुट... गुटगुटीत?"

माझ्या बहिणीच्या बाळाविषयी चाललं होतं. मी अर्थ सांगितला. त्यावर मेई थांबली.

'थांबली' हा शब्द मी विचार करून वापरतेय. आनंद झाला की माणसं हसतात. मेई थांबायची. हात असेल तिथं राहायचा, पापणी लवायची नाही, श्वास चाललाय की नाही कळायचं नाही. त्या दिवशी मला वाटलं, हिला फीट आली. मी पाण्याचा ग्लास घेऊन पुढं झाले. तेवढ्यात ती म्हणाली, "गुटगुटीत." आणि ते माझ्या आवाजात म्हणाली. माझ्यासारखं म्हणाली असं नव्हे, माझ्याच आवाजात.

तिला हसताना मात्र मी कधी ऐकलं नाही.

तिची एक वही होती, पिवळ्या पुठ्ठ्याची. नियम असा की ऐकताना जो शब्द आनंद देईल तोच वहीत लिहायचा, आणि वहीत असेल तोच बोलायचा. शब्दापुढं पेन्सिलीनं गोल काढायचा. आनंद मोठा तर गोल मोठा. 'शेंगदाणा' बोराएवढा, 'गुटगुटीत' रुपयाएवढा. 'चांदणं'चा गोल मुगाएवढा पाहून मी विचारलं, "हा एवढासा का गं?"

"तो शब्द हळू आहे, ताई," ती म्हणाली.

वर्षभरात ती वाक्यं बोलायला लागली. पण वहीत नसेल ते बोलायचं नाही, त्यामुळं वाक्यं चमत्कारिक व्हायची. अंगात ताप असला की, "ताई, आज मी कमी गुटगुटीत आहे." थंडीत तिची जुनी गाडी सुरू झाली नाही की, "गाडी अजून हसली नाही." मी हसायचे, ऑफिसात सांगायचे. मग एकदा तिचा हात तापलेल्या तव्याला लागला. चांगला फोड आला. तो हात धरून ती माझ्यापुढं उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आत शब्दच नव्हता. डोळे भरलेले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हात... कुरकुरीत."

मला हसू आलं नाही. "अगं बाई, इंग्रजीत सांग की."

"घरात मराठी," ती म्हणाली. "नियम."

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात आई सहा महिन्यांसाठी आली. 'मेई' तिच्या तोंडात पहिल्याच दिवशी 'माई' झाली. "माई म्हंजे घरातली थोरली," आई म्हणाली. "लेकरू हाय, पर हाक थोरलीची. न्हाई तरी ती म्हातारीच दिसती मला, बारक्या अंगाची."

मेई आईला मावशी म्हणायची. दोघी लसूण सोलत बसायच्या. आई बोलायची, मेई मध्येच थांबायची, मग वही उघडायची. महिन्याभरात तिचं मराठी इचलकरंजीचं झालं. रविवारी मी तिला इथल्या मराठी शाळेत नेत असे. तिथं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तरं देणारी आपली मुलं, आणि त्यांच्यात ठेंगण्या खुर्चीवर ही. शिकवायला कुलकर्णी काकू, पुण्याच्या.

"मावशी घरात हाय," मेईनं वाक्य केलं.

"हाय नाही गं. आहे."

"मावशी हाय म्हणते."

"ते बोलताना. शुद्ध काय?"

"शुद्ध कोण बोलतं?"

काकू म्हणाल्या, "पुस्तकात असतं ते."

मेईनं खरंच विचार केला. "पुस्तकाचा आवाज मला येत नाही," ती म्हणाली.

जाताना काकू हसत मला म्हणाल्या, "तुमच्या आईंनी बिघडवलं हो तिला." मी म्हटलं, "बिघडवलं नाही काकू, आमच्या घरात होतं ते दिलं." आवाज जरा चढलाच माझा. त्याची लाज वाटत नाही.

पण मेईचा तो दुसऱ्याच्या आवाजात बोलण्याचा प्रकार मला पुढं जड गेला. एका शनिवारी दुपारी आईला घेऊन मी एडिसनला खरेदीला गेले होते. परत आलो. आई गाडीतच शाल सावरत बसली, मी पिशव्या घेऊन पुढं झाले, दार उघडलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "संगे, पायताण भायेर काड गं."

मी काढलं. जन्मभर काढत आले तसं मुकाट्यानं काढलं. आणि मग आठवलं की आई गाडीत आहे.

आत मेई पाठमोरी बसून लसूण सोलत होती.

"असं नको करत जाऊस," मी म्हटलं.

"कसं?"

"आईच्या आवाजात."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. म्हणाली, "माझ्याकडं दुसऱ्या कुणाचं मराठी न्हाई, ताई."

त्याच सुमाराला आईची बांगडी सिंकवर आपटली. काचा बेसिनभर झाल्या.

"वाढली गं," आई म्हणाली.

मेई बेसिनमध्ये डोकावली. "काय वाढलं, मावशी? बांगडी लहान झाली."

तेव्हा मी समजावलं. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं. आई तर मागावरचं सूत तुटलं तरी मालकाला 'दोरा वाढला' असंच सांगायची. वाईट शब्द तोंडातनं गेला की तो घर बघून ठेवतो, असं तिचं म्हणणं.

"आणि भात?" मेईनं विचारलं. आई रोज 'भात वाढ' म्हणते, हे तिच्या वहीत होतं.

"तोबी वाढत्यात," आई म्हणाली.

मेई थांबली. इतका वेळ थांबलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. नळ चालू होता, तो शेवटी मी बंद केला. मग तिनं सांगितलं की त्यांच्या गावात नववर्षाच्या दिवशी वाडगा हातातून पडून फुटला, तर आजी लगेच म्हणते, 'स्वै स्वै फिंग आन'. वर्षानुवर्षं सुखाची जावोत. त्यांच्यात 'फुटणं' आणि 'वर्ष' यांचा आवाज एकच.

"आजी आणि मावशी एकच काम करतात," ती म्हणाली. 'वाढली'च्या गोलानं अर्धं पान घेतलं.

ही आजी म्हणजे मेईचं सगळं काही. आईवडील दूरच्या शहरात कारखान्यात. मेईला वाढवलं आजीनं. घरात शिकलेली पहिली मेईच, माझ्यासारखी. त्यांच्याकडे एक रीत आहे, घरापासून लांब असलेल्या माणसाला चांगलं तेवढं कळवायचं, आणि त्यानंही घरी चांगलं तेवढंच कळवायचं. आजोबा गेले तेव्हा मेईची कॉलेजची परीक्षा होती. तिला दोन महिन्यांनी सांगितलं. "आधी मिठाई दिली," ती म्हणाली. हे तिनं मला गाडीत, इंग्रजीत सांगितलं. नियम घरापुरता होता.

दर रविवारी सकाळी फोनवर आजीचा निरोप यायचा, अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, आजीच्या आवाजात. मेई फोन टेबलावर ठेवून तो सगळ्यांना ऐकवायची. आई भाकरी थापता थापता त्या फोनलाच उत्तर द्यायची, "व्हय बाई. जेवती बरं का ती. काळजी करू नगा." चिनी म्हातारीला ते कुठं ऐकू जाणार. पण आईला तसं गप्प बसवायचं नाही.

फेब्रुवारी संपता संपता आई उत्तर द्यायची थांबली. एका रविवारी मेई वर गेल्यावर तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली.

"संगे, ती बाई आता न्हाई."

"कोण?"

"माईची आजी. तीनच निरोप हैत गं. तिच्या घरची पालटून पालटून लावत्यात. एकात कोंबडी दोनदा वरडती, मग ती खोकती, मग हसती. दुसऱ्यात मागं कोणतरी दार लावतंय. तिसऱ्यात भांडं पडतंय. संक्रांतीपास्नं ह्येच."

"तुला कुठं चिनी कळतं?"

"चिनी न्हाई कळत," आई म्हणाली. "खोकला कळतो."

ही बाई चाळीस मागांच्या खडखडाटात कांड्या भरत बसायची आणि कुठल्या मागाचा दोरा गेलाय ते मान वर न करता सांगायची. तरी मी म्हटलं, काहीतरीच. पुढच्या रविवारी नीट कान दिला. कोंबडी दोनदा. खोकला. हसणं. त्यापुढच्या रविवारी दार. मग भांडं. भांड्याच्या वेळी माझ्या मानेवर काटा आला, कारण ते पडणार हे मला आधीच माहीत होतं.

मेईची शेवटची तोंडी परीक्षा मेमध्ये होती. मी आईला म्हटलं, "परीक्षा होऊ दे, मग सांगू."

"तू बी त्येंच्यासारखीच," आई म्हणाली. "येवढी शिकलीस न्हवं?"

मला राग आला. पण सांगणार तरी कसं? जिच्या मराठीत तो शब्द नाही, तिला कुठल्या शब्दात सांगणार? आणि इंग्रजीत सांगायचं तर गाडीत बसवून, सिग्नलला थांबून?

पुढच्या रविवारी पुन्हा कोंबडीची पाळी होती. या वेळी मी फोनकडे न बघता मेईकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. म्हातारीच्या बरोबरीनं, शब्दाला शब्द. कोंबडी ओरडायच्या आधी तिचं बोट टेबलावरून एकदा उचललं गेलं, मग दुसऱ्यांदा. खोकला आला तेव्हा तिचा गळा हलला.

तिला माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. आणि निरोप संपला की ती दर आठवड्याला करायची तसा आपला ठरलेला निरोप भरून पाठवत होती, चढ्या, आनंदी आवाजात, तोंडावर काहीही नसताना. तिकडून तीन येत होते, इकडून हे जात होते. पलीकडेही कुणाचे ओठ हलत असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. हे असंच वर्षानुवर्षं चालू राहिलं असतं. म्हातारी दर रविवारी खोकली असती, आणि ही पोर तिच्यासाठी एकदाही रडली नसती.

आईचा शेवटचा रविवार आला. मंगळवारी तिचं विमान. मेईनं फोन टेबलावर ठेवला. दाराचा निरोप होता. म्हातारी बोलली, मागं दार लागलं, निरोप संपला.

आईनं हाताचं पीठ धुतलं. ताट घेतलं, भात वाढला, वर दह्याची कवडी ठेवली. ते ताट मेईपुढं न ठेवता फोनपुढं ठेवलं. मग खुर्ची ओढून मेईच्या शेजारी बसली.

"माई," ती म्हणाली, "तुजी आजी वाढली."

मेई थांबली. तेच थांबणं, गुटगुटीतच्या दिवशीचं. भाताची वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती आणि पापणी लवत नव्हती. मी ओट्याशी उभी होते, मला पुढं व्हायचं धाडस झालं नाही. आनंद आणि हे, दोन्हींसाठी तिच्याकडे तेवढं एकच होतं.

मग तिनं विचारलं, "किती?"

आई गडबडली नाही. "लई," ती म्हणाली. "त्या घरात मावंना झाली. म्हून भायेर पडली."

"आता कुठं मावते?"

"बग की. तुज्यात मावती का बग."

मेईनं वही उघडली. लिहिलं. मग गोल काढायला घेतला. पेन्सिल पानाच्या कडेपर्यंत गेली, कडेवरून उतरली, टेबलावर गेली, आणि मी तिला अडवलं नाही. तो गोल अजून टेबलावर आहे. अर्धाच दिसतो. त्यानंतर आईनं ताट तिच्यापुढं सरकवलं आणि तिनं तो भात खाल्ला, शितही न ठेवता. खाताना डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. त्याला ती काय म्हणत असेल ते मी विचारलं नाही.

आई गेली. टेबलावर पुन्हा निरोप वाजला नाही. मेमध्ये मेई परीक्षा पास झाली आणि दुसऱ्या दिवशी आईवडिलांचा फोन आला. आधी अभिनंदन, मग ते. फोन ठेवून ती ओट्याशी आली.

"आई-बाबांनी सांगितलं," ती मला म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस?"

"न्हाई बोलले. त्येंना वेळ दिला."

जूनच्या अखेरीला ती गावी जायला निघाली. सकाळची वेळ. बॅगा डिकीत टाकल्या. तिचा फोन माझ्या गाडीतच राहिला आणि ती खोली एकदा बघून येते म्हणून वर गेली. उशीर व्हायला लागला तसा मी फोन घेऊन जिना चढायला लागले.

वरून म्हातारीचा आवाज आला. चिनीत. खोकला, मग दोन वाक्यं.

मला वाटलं, निरोप लावलाय. चौथ्या पायरीवर लक्षात आलं की फोन माझ्या हातात आहे.

कोंबडी ओरडली नव्हती. दार लागलं नव्हतं, भांडंही पडलं नव्हतं. त्या तिन्हींतला एकेक आवाज मला पाठ होता, आणि हा त्यातला नव्हता. हा चौथा होता.

"व्हय बाई," माझी आई म्हणाली. "जेवती बरं का ती. काळजी करू नगा."

माझी आई त्या वेळी इचलकरंजीत संध्याकाळचा चहा पीत असणार. म्हातारीनं पुन्हा काहीतरी विचारलं, लांबलचक, शेवटी सूर वर नेत. आईनं उत्तर दिलं, "लई वाढलाय की वो तुमी."

आणि कुणीतरी हसलं. म्हातारीचं हसू मला पाठ होतं, हे ते नव्हतं. आईचं तर नव्हतंच. जरा घोगरं, खूप दिवस न वापरलेल्या नळासारखं अडखळत आलं आणि मग मोकळं झालं. दोन वर्षांत ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी आवाज न करता उतरले, फोन होता तिथं ठेवला आणि गाडीत बसले.

थोड्या वेळानं मेई आली. पुढचं दार उघडण्याआधी तिनं मागचं दार उघडलं. ते धरून उभी राहिली, म्हाताऱ्या माणसाला वाकून आत बसायला लागतो तेवढा वेळ. मग हळूच लावलं, पदर अडकू नये म्हणून लावतात तसं, आणि माझ्या शेजारी येऊन पट्टा बांधला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, ताई. बसलो."

मी आरशात पाहिलं नाही. विमानतळापर्यंत गाडी सावकाश चालवली, खड्डे चुकवत.